भांगाचा रविवार

संपादकांचा फोन आला तेव्हा मी भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या तिकिटासाठी रांगेत उभा होतो. शनिवारची दुपार, पाठीला सॅक आणि हातात पाच फुटी प्लॅस्टिकची नळी. नळीत मासे धरायची काठी असते. लोकलमध्ये, एसटीत, रिक्षात जो भेटेल तो ‘यात काय?’ असे विचारतोच आणि खरे सांगितले की त्याचा चेहरा उतरतो. त्याला बंदूक नाही तर निदान सतार तरी हवी असते.

‘यंदा अंकाचा विषय सुट्टी,’ संपादक म्हणाले. ‘तुम्ही दर रविवारी मासे धरायला जाता. त्यावरच लिहा की.’

‘दर रविवारी नाही. पाणी असेल तर.’

‘समुद्राला पाणी नसतं कधी?’

तेवढ्यात खिडकी उघडली, मागच्यांनी ढकलले आणि उत्तर राहून गेले. ते इथे देतो.

फोर्टातल्या एका कचेरीत मी हिशेब तपासतो. सोमवार ते शुक्रवार साडेनऊ ते सहा, शनिवारी अर्धा दिवस, रविवार माझा. निदान सहा वर्षांपूर्वी गळ हातात घेतला तेव्हा तो माझा आहे असे मला वाटत होते.

तिथीला पाऊणपट

रेवसची बोट हा पहिला धडा. ओहोटीला तिथल्या धक्क्याशी गाळ वर येतो आणि फेऱ्या अडतात. वेळापत्रक फळ्यावर लिहिलेले असते, पण सराईत उतारू फळ्याआधी तिथी बघतो. त्या शनिवारी पौष वद्य अष्टमी होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारची बोट अडणार नव्हती.

हे गणित मला शिकवले रेवदंड्याच्या आजींनी. त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी मुक्कामाला असतो. रात्री भाकरी वाढता वाढता त्यांनी बोटांवर मोजले. ‘उद्या नवमी. नवाचे पाऊणपट पावणेसात. साडेपाचला उठा म्हणजे चहा घेऊन निघाल.’

तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ; अमावास्या-पौर्णिमेला बारा. शुद्ध असो की वद्य, दिवसा असो की रात्री, हिशेब तोच. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि त्याच्यामागून भरतीही तितकीच उशिरा येते. पंधरा तिथींत बारा तास सरकायचे, तर एका तिथीच्या वाट्याला ४८ मिनिटे येतात. आजींच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी पाठ होती. ४८ची कुणी पाठ केली नव्हती. म्हणून ४५ वर भागवले. पंधरवड्याच्या शेवटी त्यातून पाऊण तासाची चूक साठते. पण पौर्णिमेला बाराला भरती हे लहान पोरालाही माहीत असल्यामुळे चूक तिथेच पुसली जाते आणि प्रतिपदेपासून नवे खाते सुरू होते. हिशेब तपासण्यात उभा जन्म घालवणाऱ्या मला ही पद्धत फार आवडली.

मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ पासून ठेवली जाते आहे. हिंदुस्थानातल्या बंदरांची भरती आधीच वर्तवता यावी म्हणून १८७९ साली इंग्लंडात चाकांचे आणि कप्प्यांचे एक खास यंत्र बनवले गेले. एवढा खटाटोप ज्यासाठी, ते धक्क्यापुरते उत्तर आजी भाकरी थापताना देतात. माणसांच्या घड्याळाचे मात्र एकमत व्हायला वेळ लागला. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती, आणि मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. इतकी वर्षे या शहरात ‘कुठल्या वेळेने?’ हा प्रश्न विचारावा लागे. धक्क्यावर तो अजून विचारतात.

तंगूस आणि बाटली

पहाटे सहाला रेवदंड्याच्या खाडीकाठी तीसेक माणसे होती. पलीकडे कोर्लईचा डोंगर काळा दिसत होता. त्याच्या पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती लोक आजही पोर्तुगिजांच्या काळातून आलेली, पोर्तुगीज-मराठी मिसळीची आपली वेगळी बोली बोलतात. इकडे धक्क्यावर मात्र सगळी पनवेल-पेण-मुंबईची भाषा. एक बँकेतले गृहस्थ, एक रोह्याचे शिक्षक, लिफ्ट दुरुस्त करणारे दोघे मित्र, रात्रपाळी संपवून थेट मोटारसायकलवर आलेला एक तरुण. आठवडाभर कुणाच्या ना कुणाच्या हुकमाखाली असणारी माणसे. इथे कुणीच कुणाला हुद्दा विचारत नाही, ‘काय लावलंय?’ एवढेच विचारतात. म्हणजे आमिष काय लावलंय.

आमिषात जिवंत कोलंबी पहिल्या मानाची. ती शेपटीजवळ गळात अशी अडकवायची की पाण्यात पोहत राहिली पाहिजे. नाहीतर बांगड्याची किंवा तारलीची फोड, आणि काहीच नसेल तर चिखलातला किडा. दोरा तंगूसचा. शिसे किती वजनाचे ते पाण्याच्या ओढीवर ठरते. हलके लावले तर आमिष वाहून काठाच्या दगडांत अडकते, जड लावले तर चिखलात रुतते आणि माशाने तोंड लावले तरी हाताला कळत नाही. गळाला मासा लागणे म्हणजे मुख्यतः बोटांना कळणे. शिंगाळा ओढतो तो हमालासारखा, सरळ आणि जड. खेकडा नुसताच कुरतडतो. जिताडा आधी एक टिचकी मारून बघतो आणि मग हातातली काठी हिसकावून घेतो.

जिताडा हे इथल्या प्रत्येकाच्या मनातले न बोललेले कारण. खाऱ्या पाण्यात जन्मतो, खाडीत आणि गोड्या पाण्यात वाढतो. पेण-अलिबागच्या खारेपाटात घरामागच्या तळ्यांत तो हौसेने पाळतात. तो नर म्हणून वाढतो आणि थोराड झाला की मादी होतो. त्यामुळे मोठा जिताडा म्हणजे बहुधा अंड्यांची आई. धक्क्यावरच्या काही जणांनी म्हणूनच एक रीत पाळली आहे: फार मोठा लागला तर फोटो काढून सोडून द्यायचा. घरी मात्र फोटोचे कालवण होत नाही, असे शिक्षकांच्या सौभाग्यवती म्हणतात.

महागड्या काठ्यांच्या या रांगेच्या टोकाला गावातला एक दहा-बारा वर्षांचा मुलगा बसला होता. त्याचे सगळे सामान म्हणजे तंगूस गुंडाळलेली एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली. बाटलीचे तोंड पाण्याकडे धरून दुसऱ्या हाताने शिसे भिरकावले की दोरा आपोआप सुटत जातो. सात वाजेपर्यंत त्याने चार बोयटे आणि एक शिंगाळा काढला. शिंगाळ्याचे विषारी काटे त्याने आधी दगडावर मोडले आणि मगच गळ सोडवला. माझ्या खात्यावर तोवर एक खेकडा जमा होता. तोही काठावर येता येता सुटला.

इतकी गर्दी आजच का, तर आज भांग. भांग म्हणजे केसांतला नव्हे आणि महाशिवरात्रीचाही नव्हे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघे काटकोनात ओढतात, एकमेकांचे जोर मोडतात आणि पाणी जागच्या जागी आळस देते, तो भांग. दोन्हींचा खरा भर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतो. मुंबईच्या बाजूला उधाणाचे पाणी साडेचार मीटरच्या वर चढते आणि तळाला जाते. भांगात चढउतार दोन मीटरच्या आतबाहेर राहतो. ओढ कमी, म्हणून गाळ कमी उठतो, पाणी निवळते आणि माशाला आमिष दिसते. गळवाल्यांचा दिवस तो हाच. शिवाय पाऊणकी सांगते की सूर्योदयाची भरती फक्त भांगातच मिळते. उधाणाच्या दिवशी सकाळी सहा-सातला समुद्र नेमका दूर गेलेला असतो.

समुद्राला पाणी नसते ते असे.

उधाणात उगाच खडकावर बसू नये हे मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकलो. पहिल्या वर्षी वांद्र्याच्या खडकांवर द्वितीयेच्या सकाळी नऊला पुढे जाऊन बसलो होतो. ओहोटी साडेसातची, दीड तासात पाणी फारसे वाढलेले दिसेना, म्हणून निवांत होतो. भरतीचे सहा तास सारखे नसतात हे तेव्हा ठाऊक नव्हते. एकूण चढाचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. चार मीटरच्या उधाणात पहिल्या तासाला दीड वीत पाणी वाढते, तिसऱ्या तासाला पुरुषाच्या कंबरेइतके. साडेदहाला मागे वळून पाहिले तर ज्या फटीतून आलो होतो तिथे लाटा होत्या. छातीभर पाण्यातून काठ गाठला. चप्पल, डबा आणि एक नवी रीळ समुद्राने ठेवून घेतली.

बांधलेल्या होड्या

त्या रविवारी नऊच्या सुमारास पाणी उतरू लागले आणि मासे लागायचे थांबले. नळी आवरून मी कोळीवाड्याच्या बाजूने निघालो. होड्या एकमेकींना खेटून बांधलेल्या. चिंचेखाली एक नाखवा जाळे पसरून बसला होता. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड ताणून धरलेली, हातात दोरा भरलेली सुई. फाटलेले घर सापडले की दोन गाठी, पुढचे घर, दोन गाठी.

‘आज सुट्टी का?’ मी विचारले. डोक्यात लेख होता.

‘भांग हाय ना,’ तो म्हणाला, आणि माझ्या नळीकडे बघून हसला. ‘तुमच्यासाठी रविवार.’

त्याचे जाळे डोलीचे. डोल म्हणजे भल्यामोठ्या गाळण्यासारखी लांब पिशवी. तोंड रुंद, शेपटी निमुळती. तोंडाशी घरे मोठी आणि शेवटी इतकी बारीक की जवळाही सुटू नये. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ती बांधायची आणि तोंड प्रवाहाकडे करायचे. होडी जाळे ओढत नाही. पाणीच मासे आणून पिशवीत भरते. म्हणून पाण्याला ओढ असेल तरच डोल चालते. भांगात प्रवाह एवढा मंद असतो की पिशवी फुगतच नाही, लोळत राहते. डिझेल जाळून जायचे आणि रिकामे यायचे, त्यापेक्षा जाळी शिवलेली बरी.

किनाऱ्याचा नकाशा यावरून वाचता येतो. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो, मुंबईत चार-पाच, गोव्याला दोनेक मीटर. जितके उत्तरेला तितकी ओढ जास्त. म्हणून डोल सौराष्ट्रापासून मुंबई-रायगडापर्यंतची. दक्षिणेला मालवणात पाणी शांत, किनारा वाळूचा; तिथे रापण लागते. होडीने जाळ्याचा मोठा अर्धगोल टाकायचा आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोके पन्नास-पन्नास माणसांनी ओढायची. इकडे जे काम चंद्र करतो ते तिकडे गाव करते.

‘उधाणाला या,’ नाखवा म्हणाला. ‘बीजेला. मग कळंल.’

बीज आठ दिवसांनी, सोमवारी होती.

बीजेचे पाणी

रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. त्यात मी ‘वैयक्तिक’ असे लिहिले आणि रविवारी रात्री पुन्हा आजींच्या माडीवर जाऊन पडलो. पहाटे चारला नाखव्याचा मुलगा हाक मारायला आला. द्वितीयेची ओहोटी साडेसातला. त्या वेळी पाणी काही मिनिटे थांबते. डोल बांधायची ती त्याच फटीत. थोडा उशीर झाला तर प्रवाह सुरू होतो आणि मग एवढ्या मोठ्या पिशवीशी झटापट करणे पाच माणसांच्या हातचे राहत नाही.

होडीवर नाखवा, त्याचा मुलगा, तीन खलाशी आणि एक अडचण, म्हणजे मी. साडेसातला कुणी घड्याळ पाहिले नाही. खुंटाजवळ तरंगणाऱ्या फेसाची रेघ वाहायची थांबली आणि नाखव्याने हात केला. पुढची वीस मिनिटे कुणी शब्द बोलले नाही. दोर, गाठ, दोर, गाठ. मग पिशवी पाण्यात उतरली, फेस उलट्या दिशेने सरकू लागला आणि दोर ताठ झाले.

त्यानंतर पाच तास काहीच नाही. मी ज्याला सुट्टी म्हणतो ते बाहेरून अगदी असे दिसते: निळे पाणी, होडी, चहा, स्टोव्हवर भात. पण खलाशी आळीपाळीने डोळा लावत होते आणि नाखवा दर थोड्या वेळाने दोरावर तळहात ठेवत होता, जसा मी तंगूसवर बोट ठेवतो. फरक एवढाच की माझ्या बोटाखाली रविवार असतो. त्याच्या तळहाताखाली डिझेल, बर्फ, खलाशांचे वाटे आणि जाळ्याचे कर्ज.

साडेबाराला त्याने सगळ्यांना उठवले. पाणी फिरायच्या आत जाळे वर यायला हवे. प्रवाह उलटला की भरलेली पिशवी ओकते. शेपटीची गाठ सोडली आणि फळ्यांवर बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, वाकट्या असा चंदेरी राडा सांडला. बोंबील हातात घेतला तर ओल्या कापडासारखा ओघळत होता. मी ‘भरपूर मिळालं’ म्हणालो. नाखवा म्हणाला, ‘बघू.’ मुठीने जवळा बाजूला करत त्याने बोंबील निवडायला घेतले.

तीनला धक्क्यावर बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. इथून पुढचा समुद्र त्यांचा. भाव त्या करणार, बाजारात त्या बसणार, उरलेले बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूंच्या मांडवावर त्याच वाळत घालणार. नाखव्याच्या बायकोने खरी अडचण मला सांगितली. होडी रोज पाऊण तास उशिरा येते, एसटी मात्र रोज त्याच वेळेला सुटते. उधाणाच्या एका टोकाला माल वेळेवर बाजारात पोचतो. दुसऱ्या टोकाला शेवटची गाडी डोळ्यांदेखत जाते आणि रिक्षाच्या भाड्यात नफा विरघळतो. ‘दर्याशी भांडता येत न्हाई आनि डेपोशी भांडून उपेग न्हाई,’ तिने दोन्हींचा निकाल लावला.

सुकतीचे माळरान

परतीच्या वाटेवर, मंगळवारी सकाळी, अलिबागला उतरलो. तृतीया, सुकती खोल गेली होती. भरतीला होडीने जावे लागते त्या कुलाबा किल्ल्याकडे सहलीची पोरे चपला हातात घेऊन पायी चालली होती. पण माझे लक्ष होते ते खडकांवर ओणव्या झालेल्या बायकांकडे. टोकदार लोखंडाने कालवे फोडत होत्या. वरचे कवच उचकटायचे, आतला गर डब्यात टाकायचा. टक्, टक् असा आवाज, शेकडो वेळा.

हे खडक उधाणाच्या ओहोटीतच पुरते उघडे पडतात. महिन्यातून दोनदा, चार-चार दिवस, दोन-तीन तास. त्यांच्यातली एक घरकामाला जाते. या दिवसांत सकाळच्या दोन घरांना ती ‘उशिरा येईन’ म्हणून सांगते. त्या बायांना वाटते हिच्या घरी सारखे काहीतरी निघते. कालवांचे पैसे भांड्यांच्या पैशांपेक्षा बरे असतात, हे सांगून ती हसली आणि पुन्हा वाकली. पाणी कुठवर आले ते बघायला तिने मान वर केली नाही. पायाच्या घोट्याला लागेल तेव्हा कळणार होते.

एकोणीस आठवडे

कचेरीत परतल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी एक आकडेमोड केली. एका भांगापासून दुसरा भांग १४ दिवस १८ तासांनी येतो. म्हणजे दोन आठवडे आणि वर १८ तास. आज रविवारी आलेला भांग पुढच्या खेपेला सोमवारकडे सरकतो, मग मंगळवारकडे, आणि असे वार ओलांडत नऊ पाळ्यांनी पुन्हा रविवारवर येतो. १३३ दिवस, बरोबर एकोणीस आठवडे. वर्षातून जेमतेम तीनदा माझे कॅलेंडर आणि समुद्राचे कॅलेंडर एका खुंटाला बांधले जाते. आगेमागे एखाद्या दिवसाची सवलत धरली तर आणखी काही रविवार पदरात पडतात. त्या पहाटे धक्क्यावर तीस माणसे का होती, ते आता कळले. ती सगळी आपापल्या कचेरीत बसून हाच हिशेब करत असणार.

नाखव्याला हा हिशेब लागत नाही. त्याची सुट्टी दर पंधरवड्याला ठरलेली, फक्त वार फिरता. शिवाय १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला दर्या, दोन्हींसाठी. मी त्याला म्हणालो, दोन महिन्यांची रजा कुणाला मिळते! तो म्हणाला, पगारी असती तर रजा. त्या ६१ दिवसांत होडी ओढून रंगवायची, इंजिन खोलायचे, जाळी बांधायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहण्यासाठी हात जोडण्याइतके तरी देणे फेडायचे.

मग मी त्याला लेखासाठी राखून ठेवलेला प्रश्न विचारला: पूर्ण मोकळा दिवस मिळाला तर काय करशील? त्याने जाळ्यातून मान वर केली नाही. ‘गरवायला जाईन,’ म्हणाला. ‘कोर्लईच्या मागं खडक हायत. तांबोशी लागतं. डोलीत मासा येतो ना, तो आलेला असतो. गरीला लागला तर वाटतं आपन धरला.’ पुढच्या भांगाला येणार असाल तर नेतो, असेही म्हणाला. नळी नको, तंगूस आणि बाटली आणा.

पुढचा भांग सोमवारी आहे. कालच रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात खरे ते लिहावे म्हणून ‘भांग’ एवढाच शब्द लिहून झालाही होता. पण आमचे साहेब मूळचे विदर्भातले, समुद्रापासून सातआठशे किलोमीटर लांबचे. त्यांनी त्या शब्दाचा एकच अर्थ लावला असता. नवा कागद घेतला आणि ‘घरगुती काम’ असे लिहिले.